आधी उजेड, मग कॅमेरा : महेश्वरचे दोन दिवस

इंदूरच्या मराठी माणसाला महेश्वर काही नवीन नाही. एबी रोडने मानपूर, पुढे घाट उतरून धामनोद आणि तिथून महेश्वर, असा नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा रस्ता. वेळ असेल तर महूवरून जाम दरवाजा आणि मंडलेश्वर असंही जाता येतं. पाहुणे आले की आपण त्यांना घेऊन जातो. अहिल्याबाईंच्या राजवाड्यात डोकं टेकवायचं, घाटावर पाय भिजवायचे, नावेतून एक फेरी मारायची, साडी घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं. फोटोही भरपूर निघतात. पण गंमत अशी की सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तेच चार फोटो असतात, आणि तेही दुपारी बाराचे!

या हिवाळ्यात मी तिथे दोन दिवस फक्त फोटोंसाठी राहिले. बरोबर होती माझी भाची. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. फोटोग्राफी करायची, नुसती हौस म्हणून नाही, त्यावर पोट भरायचं, असं तिने घरी जाहीर केलं होतं. एक मोठा कॅमेरा, तीन लेन्स, फ्लॅश, बॅग अशी यादी तयार होती आणि सगळं ईएमआयवर. हप्ता अर्थातच वडिलांच्या पगारातून. त्यांना निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिलेली. बहिणीचा फोन आला, "तू इतकी वर्षं फोटो काढतेस, तूच काय ते सांग तिला." मी बँकेत नोकरी केली, पण छत्तीस फोटोंच्या रोलच्या काळापासून कॅमेरा माझ्या खांद्यावर आहे. मी भाचीला म्हटलं, "सही करण्याआधी मला दोन दिवस दे. माझा जुना डीएसएलआर, त्याची १८-५५ची साधी लेन्स, एक ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, एक ट्रायपॉड आणि तुझा मोबाइल. एवढंच न्यायचं."

"मावशी, एवढ्याने काय होणार?" ती म्हणाली.

ते बघायलाच तर चाललो होतो.

कुठेही फोटो काढायला गेलं की पहिली गोष्ट करायची ती म्हणजे दिशा समजून घ्यायच्या. महेश्वरला नर्मदा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. गाव, किल्ला आणि घाट उत्तर तीरावर, म्हणजे सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. हे एक वाक्य कळलं की निम्मं काम झालं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे किल्ल्याच्या भिंती आणि घाटाच्या पायऱ्या दिवसभर उजेडात असतात. उलट जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि याच भिंती बहुतेक वेळ सावलीत राहतात. त्यामुळे घाटाचे फोटो काढायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. आपल्या गावातल्या देवळासाठी किंवा वाड्यासाठीही हाच विचार करा. दार कुठल्या दिशेला आहे, त्यावर ऊन कधी येतं? त्याला पैसे पडत नाहीत.

पहिल्या दिवशी साडेसहालाच आम्ही अहिल्या घाटावर होतो. नदीवर धुकं होतं. सातच्या सुमारास सूर्य वर आला आणि पायऱ्यांवर तिरपा, पिवळसर उजेड पडला. मी भाचीला एका पायरीवर उभं केलं आणि म्हटलं, जागा सोडायची नाही, फक्त वळायचं. पूर्वेकडे तोंड केलं तर सूर्य समोर. माणसं, छत्र्या, नावा सगळं काळ्या आकृत्यांसारखं दिसतं. अशा वेळी मोबाइलवर आकाशावर बोट ठेवून उजेड कमी करायचा, म्हणजे आकृत्या रेखीव येतात. पश्चिमेकडे वळलं तर सूर्य पाठीशी. रंग खुलतात, पण खोली कमी होते. आणि किल्ल्याच्या भिंतीकडे वळलं तर उजेड बाजूने. तिथे दगडाचा पोत, नक्षीचा उठाव, प्रत्येक पायरीची कड दिसू लागते. एकच जागा, एकच वेळ आणि तीन वेगळे फोटो. संध्याकाळी हेच गणित उलटं होतं.

धुक्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम राखाडी वाटतं. पांढरं धुकं किंवा पांढरं धोतर समोर आलं की तो फोटो काळसर करतो. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचं बटण दाबून अधिक एकच्या आसपास न्यायचं. काळ्या दगडापुढे उभा असलेला माणूस असेल तर उणे एककडे. मोबाइलमध्ये बोट ठेवल्यावर सूर्यासारखं छोटं चिन्ह येतं, ते वरखाली सरकवलं की हेच काम होतं.

घाटावर त्या वेळी बायका अंघोळी करत होत्या, कुणी दिवंगतांचे विधी करत होतं. भाचीने कॅमेरा वर केला. मी म्हटलं, "आपल्या घरातलं कुणी असतं तर?" तिने कॅमेरा खाली घेतला. घाट सार्वजनिक असला तरी अंघोळ आणि शोक सार्वजनिक नसतो. मी नियम सोपा ठेवला आहे. दूरची गर्दी चालेल. चेहरा ओळखू येणार असेल तर आधी नजर, मग हसू, मग विचारणं. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारणं. नाही म्हटलं तर नमस्कार करून पुढे.

इंदूरकरांनी फोटोग्राफीच्या बाबतीत एक नाव अभिमानाने घ्यायला हवं, ते लाला दीनदयाळ यांचं. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधन्यात त्यांचा जन्म झाला. रुडकीला इंजिनिअरिंग शिकून ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि इथेच त्यांच्या हातात कॅमेरा आला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि इथले इंग्रज अधिकारी सर हेन्री डॅली यांचं त्यांना प्रोत्साहन मिळालं. मध्य भारतातल्या वास्तूंचे त्यांचे फोटो लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ सालच्या ग्रंथात छापले गेले. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे फोटोग्राफर झाले, 'राजा' हा किताब मिळाला आणि १९०५ मध्ये ते वारले. म्हणजे इंदूरच्या आणि हैदराबादच्या आपल्या दोन्ही मंडळींना ते आपले वाटायला हरकत नाही! भाचीला हे सांगण्याचं कारण वेगळं होतं. दीनदयाळांना लाकडी कॅमेरा, जड तिपाई आणि काचेच्या प्लेट घेऊन फिरावं लागे. एका देवळासाठी दोनशे फोटो काढण्याची चैन नव्हती. कुठे उभं राहायचं, कधी उभं राहायचं, हे आधी ठरवल्याशिवाय प्लेट खर्च करता येत नसे. आज कार्डात हजारो फोटो मावतात, पण ठरवण्याचं काम अजून आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून मी तिला सांगितलं, या सकाळी फक्त छत्तीस फोटो. सदतिसावा नाही. पहिले दहा तिने पाच मिनिटांत संपवले. नंतर मात्र एकेका फोटोला दहा-दहा मिनिटं जाऊ लागली.

विठोजी होळकरांच्या छत्रीच्या जोत्यावर हत्तींची ओळ कोरलेली आहे. १८०१ मध्ये पुण्यात विठोजींना हत्तीच्या पायी देण्यात आलं, हे ठाऊक असलं की त्या ओळीकडे बघताना मन जरा जड होतं. या कोरीवकामावर समोरून फ्लॅश मारला तर हत्ती सपाट होतात. बाजूने ऊन येईपर्यंत थांबलं तर ते भिंतीतून बाहेर चालत आल्यासारखे दिसतात. भाची तिथे पाऊण तास बसली. एफ ८ वर, ट्रायपॉड न वापरता, १८-५५च्या लेन्सने तिने काढलेला तो फोटो मी काढलेल्या फोटोंपेक्षा चांगला आहे, हे मी तिला तिथेच सांगून टाकलं.

किल्ल्याचा पूर्ण फोटो पायऱ्यांवरून काढायला गेलं की कॅमेरा वर करावा लागतो आणि बुरूज मागे पडल्यासारखे दिसतात. त्यावर उपाय म्हणजे लांब जाणं. इथे लांब जायचं म्हणजे नावेत बसायचं. साडेआठच्या सुमारास नावेतून बघितलं तर ऊन उजवीकडून येतं, भिंती सरळ दिसतात आणि खाली पेशवा घाट, फणसे घाट ही आपली नावं लावलेल्या पायऱ्यांची रांग एका फोटोत मावते. (फणसे म्हणजे अहिल्याबाईंच्या जावयाचं घराणं.) नावेत शटर १/५०० ठेवायचं आणि कोपर काठावर टेकवायचं नाही, कारण इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात जाते. कोपरं अंगाशी धरायची आणि श्वास सोडताना बटण दाबायचं. स्थिर जमिनीवर साधा हिशेब असा, की लेन्स ५० मिलिमीटरची असेल तर शटर १/५० पेक्षा हळू नको. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १/८० धरलं तर अधिक बरं.

दुपारी आम्ही गावातल्या गल्लीत शिरलो. माहेश्वरी साडी अहिल्याबाईंच्या आश्रयाने नावारूपाला आली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेवा सोसायटीसारख्या प्रयत्नांनी तिला पुन्हा उभारी मिळाली. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा आणि दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा काठ. काठावरच्या कितीतरी नक्ष्या किल्ल्याच्या आणि देवळांच्या दगडातून उतरलेल्या. एका घरात माग चालू होता. आम्ही दारात थांबलो. मागावरच्या बाईंनी आत बोलावलं, पाणी दिलं, पण कॅमेरा पाहून म्हणाल्या, चेहरा नको. मागे कुणीतरी फोटो काढून नेला आणि तो जाहिरातीत लागला. ना विचारलं, ना साडीवर कुणाचं नाव आलं. हातांचा काढा हवं तर.

मागाची खोली अंधारी होती. उजेड एकाच खिडकीतून येत होता. फोटोसाठी याहून चांगला उजेड नाही. ट्यूबलाइट बंद करायला विनंती केली, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की कातडीचा आणि रेशमाचा रंग बिघडतो. ५०ची लेन्स लावली. आयएसओ १६०० वर नेला. थोडे दाणे दिसले तर चालतात, हललेला फोटो चालत नाही. धावत्या धोट्यासाठी शटर १/३० केलं की धोट्याची रेघ उमटते आणि १/५०० केलं की धोटा हवेत थांबतो. भाचीने दोन्ही करून पाहिलं. मग एफ १.८ वर हातांचा एक जवळचा फोटो काढला. मागचं सगळं विरघळलेलं, बोटं तेवढी ठसठशीत. तिला तो फार आवडला. मलाही.

इंदूरला परतल्यावर तिने त्या फोटोच्या दोन प्रिंट काढून बाईंना पोस्टाने पाठवल्या. आठ दिवसांनी फोन आला. फोटो मिळाला, हात छान आले आहेत, पण काठ दिसत नाही. दोन दिवस बसून त्या काठ विणत होत्या आणि फोटोत तोच पुसट! भाची जरा गप्प झाली. एफ १.८ वर इतक्या जवळून काढलं की जेमतेम एक-दोन सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. एफ ५.६ वर काढला असता, शटर थोडं हळू करून, तर बोटंही आली असती आणि काठही. तांत्रिक उत्तर एवढंच. पण खरा प्रश्न असा की फोटोचा विषय काय होता? आपल्याला हात दिसले. त्यांच्या लेखी विषय त्यांचं काम होतं. उद्या ही मुलगी लग्नाचे, बारशांचे फोटो काढून पैसे घेणार असेल तर हे तिला आजच कळलं ते बरं झालं. पार्श्वभूमी धूसर करण्याचा मोह आवरा. समोरच्याला फोटोत काय दिसायला हवं आहे, ते आधी विचारा.

संध्याकाळचं एक गुपित सांगते. सूर्य बुडाला की लोक कॅमेरा बॅगेत घालतात. तेव्हाच थांबायचं. पुढची पंधरा-वीस मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि घाटावरचे दिवे लागलेले असतात. दोन्हींचा उजेड सारखा होतो. ट्रायपॉड कोरड्या पायरीवर, मधल्या दांड्याला बॅग अडकवलेली, आयएसओ १००, एफ ८ आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. नदीच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, ते या वेळी पाण्यात तरंगल्यासारखं दिसतं. मोबाइलही ट्रायपॉडला लावून नाइट मोडवर ठेवला तर थक्क व्हाल.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहस्रधारेला गेलो. गावाच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर नर्मदा काळ्या खडकांतून असंख्य धारांनी फुटते. पाणी रेशमासारखं हवं असेल तर शटर पाव ते एक सेकंद, म्हणजे ट्रायपॉड हवाच. दिवसा एवढं हळू शटर ठेवलं तर फोटो पांढरा पडतो. त्यासाठी पोलरायझर फिल्टर लावायचा. तो उजेडही कमी करतो आणि ओल्या खडकांवरची चकाकीही. एक सूचना मात्र काळजीने देते. वरच्या बाजूला धरणं आहेत, पाणी अचानक वाढू शकतं आणि खडक शेवाळलेले असतात. स्थानिक नावाड्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुठलाही फोटो तेवढा मोलाचा नाही.

आता ज्यांना कॅमेरा घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी. बाजारात आता मिररलेसचे दिवस आहेत, त्यामुळे चांगले डीएसएलआर वापरलेले, कमी किमतीत मिळतात. शिकायला ते उत्तम. वापरलेला घेताना शटर किती वेळा चाललं आहे ते विचारा. साध्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनवलेलं असतं. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, परत करा. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, किंमत कमी करून घ्या. बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करा, कारण बॉडी जुनी होते, लेन्स दहा-पंधरा वर्षं साथ देते. पहिली लेन्स ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एफ १.८. ट्रायपॉड हलका नको, मजबूत हवा. दोन कार्डं ठेवा. पावसाळ्यात लेन्स कापडी बॅगेत कोंडू नका, सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवा. आणि फोटोंच्या तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या घरात. आजीचा शेवटचा फोटो हरवलेल्या मोबाइलबरोबर गेला, असं सांगणारी माणसं मला दर वर्षी भेटतात.

भाचीने ईएमआयचा अर्ज भरला नाही. वापरलेला डीएसएलआर आणि ३५ची लेन्स घेतली, स्वतःच्या शिकवण्यांच्या साठलेल्या पैशातून. पदवी पूर्ण करायची, तोवर सुट्टीच्या दिवशी एका अनुभवी लग्न-फोटोग्राफरचा हाताखालचा माणूस म्हणून काम करायचं आणि वर्षभराने पुन्हा बसून बोलायचं, असं घरात ठरलं आहे. यातून धंदा उभा राहील का, मला माहीत नाही. तिच्या वडिलांची काळजी खोटी नाही आणि तिची ओढही खोटी नाही.

येत्या महिन्यात ती पुन्हा महेश्वरला जाणार आहे, एकटीच, बसने. त्या बाईंच्या मागावर नवीन साडी चढली आहे आणि या वेळचा काठ हत्तींचा आहे म्हणे. "एफ ५.६," मी निघताना आठवण करून देणार होते. तिने वहीत आधीच लिहून ठेवलं होतं.